पंप एअर घेतो तेव्हा

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टेअरिंगच्या बहुतेक आवाजांचा निवाडा लवकर होतो. वळताना बेल्ट किंचाळला तर तो सैल तरी असतो किंवा झिजून गुळगुळीत तरी झालेला असतो. खड्ड्यावरची खटखट पंपाची नसून रॅकच्या बुशची, टाय-रॉडच्या जोडाची किंवा सस्पेन्शनची असते. आणि स्टेअरिंग टोकाला नेऊन धरल्यावर होणारी फुसफूस म्हणजे जादा दाबाचे तेल परत वळवणारी झडप, रिलीफ व्हॉल्व्ह, आपले काम करत असल्याची खूण असते. खरा पेच एकच आहे. सकाळच्या थंड इंजिनावर, कमी वेगात वळताना पंप कण्हल्यासारखा लांब आवाज काढतो, तो झिजल्यामुळे की त्याला पुरते तेल मिळत नसल्यामुळे, हे पंप न खोलता सांगणे आयुष्यभराच्या सरावानंतरही सोपे होत नाही.

या पंपाच्या फिरत्या गाभ्यातील, म्हणजे रोटरमधील, पाती खाचांतून आत-बाहेर सरकतात आणि भोवतीच्या लंबगोल कड्याला, कॅम रिंगला, घासत तेल पुढे ढकलतात. अशी 10 पाती असलेला पंप मिनिटाला 900 वेळा फिरत असेल, तर सेकंदाला 15 फेऱ्या भरतात आणि त्यांतून 150 हर्ट्‌झचा खर्जातला मूळ स्वर उमटतो. कडे झिजले तरी हाच स्वर वाढतो आणि तेलात हवा मिसळली तरी हाच वाढतो. भेद असतो तो या स्वरावर चढलेल्या बारीक, तळणीसारख्या चुरचुरीत. पंपाला तेल कमी पडले की शोषणाच्या बाजूचा दाब घसरतो, तेलात बुडबुडे धरतात आणि दाबाच्या बाजूला पोहोचताच ते फुटतात, तीच ही चुरचुर. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. फुटणारे बुडबुडे कड्याच्या पोलादावर बारीक खड्डे पाडतात, त्यामुळे आज केवळ उपाशी असलेला पंप दुर्लक्ष झाल्यास काही काळाने खरोखरच झिजलेला पंप होतो, आणि मग ‘झिजला की उपाशी’ या प्रश्नाची दोन्ही उत्तरे एकाच वेळी बरोबर ठरतात.

हवा शिरण्याची जागा शोधणे हे त्याहून चिवट काम आहे. टाकीपासून पंपापर्यंतच्या शोषण-नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. म्हणून शहाळ्यातल्या चिरलेल्या नळीतून जसे पाणी बाहेर सांडत नाही, पण ओढताना तोंडात हवाच येते, तसा हा जोड बाहेरून कोरडा दिसतो आणि आतून हवा घेत राहतो. 2000 नंतरच्या दशकातील होंडाच्या अनेक गाड्यांत पंपाच्या तोंडाशी, दोन बोल्टांनी आवळलेल्या जोडात, एक लहानशी ओ-रिंग असते. इंजिनाच्या उष्णतेने ती कडक व चपटी होते आणि थेंबही न गळता पंप ओरडू लागतो. ही ओ-रिंग न पाहता थेट पंप बदलणारे आणि तरीही आवाज राहिल्यावर रॅककडे बोट दाखवणारे कारागीर या व्यवसायाचे नाव खराब करतात. टाकीत सील फुगवणारे रसायन ओतून गाडी परत देणारे तर त्यांच्याहून वाईट, कारण ते दोष दुरुस्त न करता फक्त पुढे ढकलतात. होंडाच्या टाकीत होंडाचेच तेल हवे, कोणतेही गिअरचे तेल चालणार नाही, हे कंपनी स्पष्ट बजावते, तरीही हाताशी असलेला लाल डबा उपडा करणारे हात कमी नाहीत.

वाढत्या वयात कानाची शक्ती जाते तीही नेमकी वरच्या पट्टीपासून. प्रस्तुत लेखकाला पंपाचा खर्ज अजून स्वच्छ ऐकू येतो, मात्र त्यावरची चुरचुर आता येत नाही, ती हाताखाली शिकणाऱ्या मुलाला बॉनेट उघडताच ऐकू येते आणि तो सहज म्हणतो, “काका, एअर घेतोय.” केवळ आवाजावरून दोष सांगणारा कान ही लेखकाची मिरवण्याची सर्वांत मोठी गोष्ट होती. ग्राहकासमोर पान्याला हात न लावता निदान उच्चारण्यात जे सुख होते, ते दुरुस्तीच्या मजुरीपेक्षा मोठे वाटत असे, आणि म्हणूनच त्या मुलाला सरळ विचारणे आजही जड जाते. त्याची परीक्षा घेत असल्याच्या आविर्भावात प्रश्न केला जातो आणि त्याचे उत्तर हेच आपले मत म्हणून ग्राहकाला सांगितले जाते.

कानाची जागा आता डोळा घेतो. इंजिन चालू असताना टाकीतील पातळी पाहावी आणि इंजिन बंद करताच ती किती चढते हे पाहावे, कारण दबलेली हवा दाब सुटताच प्रसरण पावते. टोयोटाच्या दुरुस्ती-पुस्तिका ही चढण जास्तीत जास्त 5 मि.मी. मान्य करतात. तेल दुधाळ, फेसाळ दिसणे हा दुसरा पुरावा. तिसरा उपाय म्हणजे इंजिन चालू ठेवून शोषण-नळीच्या एकेका जोडावर तेच तेल सोडणे, कारण दोषी जोड क्षणभर झाकला गेला की आवाजही क्षणभर बदलतो, आणि हा बदल खर्जातला असल्याने म्हाताऱ्या कानालाही कळतो.

1951 मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियलमधून ही द्रवदाबी रचना सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आली आणि 1988 मध्ये सुझुकीच्या सेर्व्होने विजेवर चालणारे स्टेअरिंग आणले. त्यात तेल नाही, पंप नाही, आणि निदानाचा पहिला शब्द स्कॅनरचा असतो. इंधनाची बचत पाहता हा बदल योग्यच आहे, तरी तेलाच्या स्टेअरिंगमधून तळहाताला रस्त्याचा जो पोत कळत असे, तो मोटरच्या स्टेअरिंगमध्ये बहुधा मिळत नाही, असे लेखकाचे ठाम मत आहे. शिवाय जुन्या बोलेरो, क्वालिस आणि पहिल्या पिढीच्या इनोव्हा अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांचे पंप ओरडतच राहणार आहेत.

अशा गाडीची ओ-रिंग बदलताना ती तेलात भिजवूनच बसवावी, पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे आणि पातळी खाली जाऊ न देता हवा काढावी. त्यानंतर फेस बसेपर्यंत गाडी उभी ठेवूनही वाढलेला खर्ज उरला, तर पंप खोलून कॅम रिंगवरून नख फिरवावे. नखाला खड्डा लागला तर पंप बदलण्याखेरीज इलाज नाही, आणि कुर्ल्याच्या बाजारातून जुना पंप आणायचा झाल्यास त्याचे कडेही पैसे देण्यापूर्वी खोलून पाहू द्यावे, असा आग्रह धरावा.