मेंढरं बसली तिथं



खालच्या दीड एकरात गेल्या तीन रात्री मेंढरं बसवली होती. कोकणातनं परतीच्या वाटेला लागलेला वाडा, दीडशेच्या आसपास खांड. रोज संध्याकाळी वाघर उचलून पुढच्या तुकड्यात लावायची, रात्रभर मेंढरं तिथंच. लेंड्या पडतात आणि मूत जमिनीत मुरतं. दोन वर्षांपूर्वी वरच्या पट्टीत बसवली होती, तिथली बाजरी नुसती बघून ओळखू येते. काल सकाळी वाडा उठला, आज उन्हं तापायच्या आत कुळव फिरवला. आपल्या नोंदवहीपुरतं एवढं बास होतं. पण त्या तीन रात्रींत एका पुस्तकावरनं घरात जे झालं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पुस्तक म्हणजे ‘द अल्केमिस्ट’. पावलो कोएलो नावाच्या ब्राझीलच्या लेखकाचं, १९८८ सालचं, मूळ पोर्तुगीज भाषेतलं. मराठीतही आलंय, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल. स्पेनमधला सांतियागो नावाचा मेंढपाळ पोरगा साठ मेंढरं घेऊन फिरत असतो. एका पडक्या चर्चमध्ये, जिथं आत एक झाड वाढलंय, तिथं झोपला असताना त्याला इजिप्तच्या पिरॅमिडजवळच्या खजिन्याचं स्वप्न पडतं, तेही दुसऱ्यांदा. एक म्हातारा राजा भेटतो आणि कळपाचा दहावा हिस्सा घेऊन त्याला वाटेला लावतो. पोरगा उरलेली मेंढरं विकतो, समुद्र ओलांडतो, तिकडं पहिल्याच दिवशी लुबाडला जातो. मग काचसामानाच्या दुकानात जवळपास वर्षभर राबतो, वाळवंट तुडवतो आणि शेवटी पिरॅमिडपाशी चोरांचा मार खातो. त्यातलाच एक चोर बोलून जातो, की मलाही असंच स्वप्न पडलं होतं, स्पेनमधल्या पडक्या चर्चमध्ये झाडाखाली खजिना आहे म्हणून. पण तेवढ्यासाठी वाळवंट ओलांडायला मी खुळा नाही. पोरगा परत येतो, खणतो आणि मोहरा निघतात. स्वतःला ओळखण्याची गोष्ट म्हणून जगभर हे पुस्तक वाचतात.

आमच्या घरात हे पुस्तक पुतण्यानं आणलं. पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला गेला, त्या पहिल्या वर्षी मला वाचायला पाठवलं होतं. “काका, हे वाचाच.” जागोजागी पेन्सिलीच्या रेघा. माणसानं मनापासून काही मागितलं की सगळं जग त्याच्या मदतीला लागतं, अशा अर्थाच्या ओळींखाली तर दोन-दोन. चार वर्षं झाली. यंदा होळीला तो दोन पोती पुस्तकं घेऊन घरी आला आणि रद्दीला घालायची बाजूला काढली, त्यात हेही होतं. मी उचलून घेतलं तर म्हणाला, “ठेवा तुम्हाला. ज्याला घबाड मिळालं त्याचीच गोष्ट सांगतात, काका. ज्याला वाळवंटात काहीच मिळालं नाही त्याच्यावर कोण पुस्तक काढणार?”

मी काही बोललो नाही. रेघा मारणारा तोच, रद्दीत टाकणाराही तोच, आणि मला दोन्ही वेळा तो खराच वाटला.

तर पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर मी वाघरीपाशी जाऊन बसलो. धनगरमामा आमच्या ओळखीचे, सत्तरीचे असतील. म्हटलं, मामा, तुमच्याच धंद्याची एक गोष्ट सांगतो. पुतण्याही कडेला येऊन बसला होता. मेंढपाळाची गोष्ट मेंढपाळाला सांगायची म्हणजे जपून सांगावी लागते, हे मला दुसऱ्याच मिनिटाला कळलं.

“साठ मेंढरं? एकटाच?” मामा.

“एकटाच.”

“कुत्रं?”

आता पुस्तकात कुत्र्याचं काय आहे ते मला आठवेना. मामांनी नुसती मान हलवली. पुढं पोरगा सगळी मेंढरं विकतो आणि दोस्त ती लगेच घेतो, असं मी सांगितलं. मामा म्हणाले, “लगीच घेतली म्हंजी पाडून घेतली.” लोकर विकून पोटापाण्याचं भागतं म्हटल्यावर तर हसलेच. “आमची लोकर आता कातरायची मजुरी बी निघत न्हाय. कुठं हाय म्हनला त्यो मुलूख?”

एका जागी मात्र त्यांना राग आला. पुस्तकात त्या पोराला वाटतं, की मेंढरांना चारा-पाण्यापलीकडं काही कळत नाही. एकेक करून मारली तरी कळप जवळजवळ संपेस्तोवर त्यांच्या ध्यानात यायचं नाही. हे ऐकलं आणि मामा उठून उभे राहिले. अंधारात तोंडानं एक आवाज काढला, कसा ते मला लिहून सांगता यायचं नाही. दीडशेतली एकच मेंढी उठली आणि गर्दीतनं वाट काढत वाघरीपाशी आली. “हिची आय माझ्या हातात मेली,” म्हणाले. “म्हनं कळत न्हाय.”

मग शेवट सांगितला. पिरॅमिडपाशी काही नव्हतं; खजिना तिकडं, जिथं तो मेंढरं घेऊन झोपला होता त्याच जागी निघाला. मी थांबलो. शेवटाला लोक “वा” म्हणतात, नाहीतर “हे आधीच का नाही सांगितलं” म्हणतात. मामांनी तंबाखू मळली, दाढेखाली धरली आणि म्हणाले, “मेंढरं बसली तितं सोनं असनारच की. तुमी मला पैसं कशाचं देताय?”

पुतण्या इतका हसला की कुत्री भुंकायला लागली. चार महिन्यांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

घरी येताना त्यानं मला सांगितलं की ही गोष्ट मूळ फार जुनी आहे. तेराव्या शतकात रूमीच्या मसनवीत बगदादचा माणूस खजिन्यासाठी कैरोला जातो आणि तिथं त्याला स्वतःच्याच घरचा पत्ता कळतो. म्हणजे रद्दीत टाकलं तरी डोक्यातनं गेलेलं नव्हतं.

आता आमच्या मंडळींचं. तिनं दुपारच्या वेळात दोन दिवसांत पुस्तक संपवलं. मी विचारलं कसं वाटलं, तर म्हणाली, “त्या फातिमाचं काय?” फातिमा म्हणजे मरुद्यानात विहिरीवर पाण्याला आलेली पोरगी. सांतियागो तिच्यावर जीव लावतो आणि तीच त्याला सांगते, की तू जा, मी वाळवंटातली बाई आहे, मी वाट बघीन. “त्याला स्वप्न, राजाला स्वप्न कळतं, त्या चोराला सुद्धा स्वप्न पडतं. हिनं काय नुसतं पाणीच भरायचं?”

मी पुस्तक चार वर्षांपूर्वी वाचलं तेव्हा मला यातलं काहीच दिसलं नव्हतं. मला दिसला होता तो काचसामानाचा दुकानदार. त्याला आयुष्यभर मक्केला जायचंय. पैसा आहे, तब्येत आहे, पण जात नाही. कारण एकदा जाऊन आलो की मग जगायचं कशासाठी, ही भीती. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मंडळी, आमच्या फलटणवरनं दरसाल ज्ञानोबांची पालखी जाते. मी एकोणीस वर्षं म्हणतोय, यंदा आळंदीपासनं चालायचं. आणि एकोणीस वर्षं रस्त्याच्या कडेला उभा राहून वारकऱ्यांना चहा वाटतोय. (त्या दुकानात सुद्धा पुढं चहाच विकायला लागतात, काचेच्या पेल्यांतनं. मला तर लेखकानं बघूनच लिहिल्यासारखं वाटलं.) कारण माझं ठरलेलं: पालखी निघते आणि नेमकी पेरणी येते. खरं म्हणजे पेरणी करून, नाहीतर भावावर टाकून जाणारे आमच्याच आळीत दोघं आहेत.

कोएलो स्वतः १९८६ साली स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला चालत गेला होता. म्हणजे लिहिणाऱ्यानं आधी वारी केली आणि गोष्ट मागनं सांगितली. हे मी बायकोला मोठ्या उत्साहानं सांगितलं आणि त्याच भरात म्हणालो, की यंदा मात्र जायचंच.

ती भाकरी थापत होती. म्हणाली, “जा की. मी वाट बघीन.”

ती भाकरी तव्यावर टाकून झाल्यावर मला अर्थ लागला. एकोणीस वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, तुला चालायचंय का म्हणून. विचारलं. “लग्नाच्या आधीपासनं,” म्हणाली, आणि पुढची भाकरी घेतली.

आता अडचण साधी आहे. दोन गाई, दोन वेळच्या धारा आणि दीड एकर. पुतण्या म्हणतो मी बघतो. त्याला वहीत लिहून दिलंय, की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, वाफसा बघायचा, सोयाबीन दोन इंचापेक्षा खोल जाऊ द्यायचं नाही, शेजारचा पेरतोय म्हणून घाई करायची नाही. ते तो करेल, वाचून करायची सवय आहे त्याला. धारेचं मात्र वाचून येत नाही. पांढरी गाय नवा हात लागला की पान्हा आखडून धरते. परवा त्यानं तासभर बसून दीड लिटर काढलं, काल सकाळी अडीच. तिचं रोजचं सहा असतं. मृगाला अजून आठ दिवस आहेत.