आजीचे ‘पानी’

आम्हांला संगणकाचे वेड आहे, ही गोष्ट आमच्या धर्मग्रामात आता गुपित राहिलेली नाही. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही कार्यालयात शिरलो की, ‘फादर पुन्हा पेटीसमोर बसले’ असे कुणीतरी म्हणतेच. धर्मगुरूने प्रार्थनापुस्तक हाती घ्यावे, कळफलक कशाला बडवावा, असा त्या उद्गारामागचा सूर असतो. आम्ही वाद घालीत नाही. एवढेच सांगतो की, इटलीतील फादर रोबेर्तो बूसा या येशूसंघीय धर्मगुरूंनी संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनाची शब्दसूची करण्यासाठी १९४९ साली थेट न्यूयॉर्क गाठून आयबीएम कंपनीच्या प्रमुखांची भेट घेतली आणि त्या यंत्रांच्या साह्याने पुढे छप्पन्न खंड सिद्ध केले. १९९० सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी पोप दुसरे जॉन पॉल यांनी संगणक-संस्कृती हाच विषय निवडला होता. आणि संगणकात रमणारा कार्लो अकुतिस हा मुलगा तर ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत म्हणून घोषित झाला. तेव्हा पेटीला दोष नाही. दोष असलाच तर तो पेटीसमोर बसणाऱ्याचा. आमच्या अशाच एका दोषाची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

१९९७ सालची गोष्ट. आम्ही नवदीक्षित होतो आणि उत्तर कोकणातील एका किनारी धर्मग्रामात सहायक धर्मगुरू म्हणून काम पाहत होतो. धर्मग्रामाच्या कार्यालयात नुकताच एक संगणक आला होता. त्या गावात एक आजी होत्या. लग्नघरी उंबराचे पाणी आणावयाला वाजतगाजत विहिरीवर जाताना म्हणावयाची गाणी, हळदीची गाणी, वरमायांची थट्टा करणारी गाणी, अशी कितीतरी गाणी त्यांना तोंडपाठ होती. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. ‘ही गाणी तुमच्यामागे उरायला हवीत’, असे आम्ही म्हटले तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘फादर, गानी काय पेटीत रातात?’ आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने ‘राहतात’ असे उत्तर दिले होते.

पावसाळ्याच्या दुपारी आजी ओसरीवर बसून गात आणि आम्ही वहीत उतरवून घेत असू. रात्री ते सारे संगणकावर टंकित होई. एकूण एकतीस गाणी झाली. एक छापील प्रत आम्ही आजींच्या हाती दिली, वही टाकून दिली आणि फ्लॉपी जपून ठेवली. आता कागदाची गरज उरली नाही, असे त्या वयात आम्हांला मनापासून वाटत होते.

आजी २००८ साली प्रभूघरी गेल्या. २०१९ साली त्यांच्या नातीचे लग्न ठरले. ती आमच्या सध्याच्या धर्मग्रामात शोध घेत आली आणि म्हणाली, ‘फादर, आजीची गाणी तुमच्याकडे आहेत ना? घरची प्रत वाळवीने खाल्ली. उंबराच्या पाण्याला ती म्हणावीत असं आईच्या मनात आहे.’ फ्लॉपीतून सीडीवर आणि सीडीवरून नव्या संगणकावर असा त्या गाण्यांचा प्रवास आम्ही काळजीपूर्वक घडवून आणला होता. आम्ही अभिमानाने ती फाइल उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टिंबे आणि आकडे यांचा नुसता काला दिसत होता. मराठीचे एकही अक्षर नव्हते. ती मुलगी आमच्याकडे पाहत राहिली आणि आम्ही पडद्याकडे.

हे असे का झाले, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण वाचकांपैकी अनेकांच्या घरी जुन्या पत्रिका, भाषणे, कुलवृत्तान्त याच अवस्थेत पडून असतील. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, क्रमांक कळतात. इंग्रजी ‘ए’ या मोठ्या अक्षराचा क्रमांक ६५, हे जगभर ठरलेले होते. मराठी अक्षरांसाठी भारतीय मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले होते, परंतु छपाईच्या कामात जो तो आपापला फॉन्ट वापरी. या फॉन्टमध्ये एक युक्ती असे. रोमन अक्षराच्या क्रमांकावरच देवनागरीचे चित्र बसविलेले असे. ‘डी’ची कळ दाबली की एका फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या पोटात साठविला जाई तो ‘डी’च. वरचा अंगरखा मराठी, आतला देह रोमन. तो फॉन्ट असेपर्यंत सारे ठीक. फॉन्ट गेला की अंगरखा गळून पडे. आजींची गाणी संगणकाने कधी मराठी म्हणून ठेवलीच नव्हती.

ज्यामुळे हा गोंधळ मिटला, ते युनिकोड नावाचे मानक १९९१ सालीच सिद्ध झाले आणि देवनागरी त्यात पहिल्यापासून होती. सर्वसामान्यांच्या संगणकावर मात्र ते २००० सालानंतर हळूहळू पोहोचले. त्यात ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, २३२५. नाशिकला टंकिलेला ‘क’ नैरोबीतही ‘क’च राहतो. ‘ॲ’ या आपल्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडले. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तोही याच पायावर. पवित्र आत्म्याच्या सणाचे प्रवचन करताना आम्हांला या क्रमांकांची हमखास आठवण होते. बाबेलच्या बुरुजापाशी एकमेकांचे बोलणे कळेनासे झाले. पेंटेकॉस्टच्या दिवशी सर्वांना एकच भाषा मिळाली नाही. प्रत्येकाची भाषा राखूनच सर्वांना ऐकू आले. अभियंत्यांनी नकळत तेच साधले आहे, असे आमचे नम्र मत आहे.

आमच्या युवक मंडळातील एका मुलाने तो जुना फॉन्ट कुठूनतरी मिळविला, कोणत्या रोमन चिन्हामागे कोणते मराठी अक्षर दडले आहे त्याचा तक्ता केला आणि आठ दिवसांत बहुतेक मजकूर युनिकोडमध्ये आणला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठविलेली असे, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवावी लागते. त्यामुळे वेलांट्या एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेल्या होत्या. त्याने त्या एकेक करून जागेवर आणल्या. गाणी परत आली. आम्ही देवाचे आभार मानले आणि ती नातीच्या हाती दिली.

दोन दिवसांनी ती आपल्या आईला घेऊन परत आली. आई संकोचत होती. शेवटी म्हणाली, ‘फादर, रागावू नका. पण आई असं म्हणत नव्हती. तिचं हे पानी नाही.’

आम्ही गाणी पुन्हा वाचली आणि मान खाली घातली. आमच्या किनारी बोलीत ‘ण’ऐवजी ‘न’ येतो आणि ‘ळ’ऐवजी ‘ल’. आजी ‘पानी’ म्हणत, आम्ही ‘पाणी’ लिहिले. त्या ‘डोला’ म्हणत, आम्ही ‘डोळा’ केले. आणि पुढच्या ओळीतल्या ‘बोला’शी जुळलेले त्यांचे यमक मोडले. जेथे शब्द अपरिचित वाटला तेथे आम्ही ग्रांथिक शब्द बसविला होता. सेमिनरीत शुद्धलेखनाचे गुण मिळविलेला तरुण धर्मगुरू एका निरक्षर बाईवर उपकार करीत होता! संगणकाने तिची अक्षरे बिघडविली, ती परत मिळाली. आम्ही तिचे शब्द बिघडविले होते आणि मूळ उच्चार ज्या वहीत होते ती वही आम्हीच फेकून दिली होती. कोणताही तक्ता ते परत आणू शकत नव्हता.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. १५७९ साली गोव्यात आलेला हा इंग्रज येशूसंघीय. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन लिपीत. ही त्यांची आवड नव्हती. देशी लिपीत पुस्तके छापावीत अशी आपली कित्येक वर्षांची इच्छा आहे, पण त्यासाठी सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील, ही अडचण त्यांनी १६०८ साली रोमला आपल्या वरिष्ठांना कळविली होती. लिपी परकी घ्यावी लागली, तरी भाषेला त्यांनी परके होऊ दिले नाही. १६१६च्या त्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो भाविकांनी हातांनी उतरविलेल्या प्रतींमुळे. स्टीफन्स यांच्याकडे खिळे नव्हते, पण कान होता. आमच्याकडे सारे खिळे होते.

म्हणूनच आज इंटरनेटवर आणि मोबाइलवर जे मराठी लिहिले जाते, त्याविषयी आमचे मत पूर्वीपेक्षा मवाळ झाले आहे. आमच्या धर्मग्रामातील मुले आपल्या बोलीत, बोलीच्याच उच्चारांनी एकमेकांना लिहितात. आम्ही पूर्वी मनातल्या मनात लाल शाई चालवीत असू. आता वाटते, छापखान्याच्या इतिहासात जी बोली कधी कागदावर आली नाही, ती आज प्रथमच लिहिली जात आहे. ती रोमन अक्षरांत लिहिली तरी आम्ही नाक मुरडीत नाही. गोव्यातील कोकणीची रोमन लिपीतली परंपरा काही लहान नाही. देवनागरी आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे, ती शिकून घ्या, एवढेच सांगतो.

तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. कोणी लिहिले ते ठाऊक नसलेला मजकूर न वाचता पुढे ढकलण्याची सवय आम्हां सर्वांना लागली आहे. धर्मग्रामाच्या गटात कुणाच्या निधनाची वार्ता आली की क्षणार्धात चाळीस जण तेच तयार फुलांचे चित्र पाठवितात. त्यात आम्हीही असतो, हे कबूल केले पाहिजे. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी आपले नाव लिहीत आणि चुकभूल झाली असल्यास क्षमा मागत. आपल्या शब्दांची जबाबदारी घेण्याची ती रीत होती.

अलीकडे मागू तसा मजकूर लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. कुतूहल म्हणून आम्ही आजींच्या गाण्याच्या, बोलीत परत आणलेल्या दोन ओळी अशा यंत्राला दिल्या आणि नीट लिहून मागितल्या. त्याने क्षणभरात ‘पानी’चे ‘पाणी’ केले. आम्हांला हसू आले आणि वाईटही वाटले. १९९७ सालचे आम्हीच जणू त्या पडद्यावर बसलो होतो. माणसाचे ऐकण्याआधी त्याला सुधारण्याची घाई, हे पाप यंत्राने आपल्यापासूनच शिकलेले आहे. कन्फेशनच्या पेटीत बसणाऱ्या धर्मगुरूंना तर याचा अर्थ अधिक सांगण्याची गरज नाही.

लग्नाआधी त्या नातीने आपल्या आईला आणि शेजारच्या दोन वृद्ध बायांना एकत्र बसविले. आम्हीही गेलो, पण या वेळी लिहिले काहीच नाही. मोबाइलवर त्यांचे आवाज मुद्रित केले. मग ते पुन्हा पुन्हा ऐकून, जसे ऐकू आले तसे टंकित केले. एकतीसपैकी बावीस गाणी पूर्ण झाली. उरलेल्या नऊ गाण्यांत काही ओळी कुणालाच आठवल्या नाहीत. तेथे आमचे जुने ‘शुद्ध’ शब्द घालता आले असते. आम्ही त्या जागा मोकळ्या ठेवल्या.

विहिरीवर गाणे झाले तेव्हा आम्ही मागे उभे होतो. ‘पानी’ हा शब्द आला आणि नातीच्या आईने डोळे पुसले.

त्या गाण्यांची एक छापील प्रत आता आमच्या कार्यालयात बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्यांशेजारी आहे, आणि युनिकोडमधील प्रती युवक मंडळातील पाच-सहा घरी आहेत. किनाऱ्यावरील वाचकांपैकी कुणाच्या घरी उंबराच्या पाण्याची गाणी जाणणारी आजी असेल, तर कृपया आम्हांला कळवावे. आम्ही येऊ. मोकळ्या जागा अजून मोकळ्याच आहेत.