टँकर मोजणारे दोघं

‘अप’ या पिक्सारच्या अॅनिमेशनपटाचा विषय निघाला की सगळे पहिल्या काही मिनिटांबद्दलच बोलतात. कार्ल आणि एलीचं लग्न, टेकडीवर ढग बघत पडून राहणं, न झालेलं मूल, पॅराडाइज फॉल्सला जायचं म्हणून बरणीत साठवलेले पैसे आणि कधी टायर फुटला, कधी पाय मोडला म्हणून फोडलेली तीच बरणी. मग म्हातारपण, इस्पितळ, आणि शेवटी हातात एक फुगा घेऊन एकटा उरलेला कार्ल. चारएक मिनिटांच्या या भागात एकही संवाद नाही. मायकेल जियाकिनोच्या एकाच धुनेवर सगळा संसार उभा राहतो आणि संपतो. त्या वर्षीचं संगीताचं ऑस्कर त्याला मिळालं, ते योग्यच होतं.

पण मला या चित्रपटाचा जीव पुढच्या भागात वाटतो. तिथे आठ वर्षांचा रसेल दार ठोठावतो आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या निवांतपणाची वाट लावतो. हे मी बंगळुरातल्या सर्जापूर रोडवर, माझ्या वडिलांजवळ राहून शिकले.

आई गेल्यानंतर बाबांना सांगलीहून इकडे आणलं. गावभागातलं घर बंद केलं. कृष्णेच्या 2005 आणि 2019 च्या दोन्ही महापुरांत पाणी चढलेलं, दोन्ही वेळा आईबाबांनी मिळून गाळ उपसून पुन्हा उभं केलेलं ते घर. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. हाताला ग्रीस लागल्याशिवाय दिवस उगवत नाही अशा माणसाला मी नवव्या मजल्यावर, पांढऱ्या टाइल्सच्या फ्लॅटमध्ये आणून बसवलं. दुसरा मार्ग नव्हता.

इब्लूरच्या चौकातून निघणारा हा रस्ता कैकोंड्रहळ्ळीच्या तळ्यावरून, दोड्डकन्नेल्लीच्या विप्रोच्या मुख्य कचेरीवरून, दोम्मसंद्र ओलांडून सर्जापूर गावाला जातो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी इथे रागीची शेतं होती असं जुने लोक सांगतात. आता दोन्ही बाजूंना मनोरे आहेत आणि त्या मनोऱ्यांत देशभरातून आणलेले आईवडील आहेत. सकाळ-संध्याकाळ ते ‘सीनियर सिटिझन कॉर्नर’मध्ये बसतात. एका बाकावर तेलुगू, एकावर तमिळ, एकावर बंगाली. मराठी बाक आमच्याकडे नव्हता. गांधीनगरला महाराष्ट्र मंडळ आहे, पण इथली वाहतूक पार करून तिथे पोचायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. बाबा एकटेच बसायचे. जेवायचे, औषधं घ्यायचे, कोणतीही तक्रार करायचे नाहीत. त्या तक्रार न करण्याचीच मला धास्ती वाटायची.

सहाव्या मजल्यावरच्या ओडिया कुटुंबातला एक मुलगा रोज संध्याकाळी सायकल घेऊन खाली उतरायचा. हडकुळा, चष्मा लावलेला, तिसरीतला. एके दिवशी बाकासमोरच त्याची चेन उतरली. बाबांनी विचारलं, ‘‘काय पैलवान, चेन उतर गया क्या?’’ आणि उत्तराची वाट न बघता सायकल उलटी केली. मी बाल्कनीतून पाहत होते. चेन बसवून झाल्यावर सायकल द्यायची सोडून त्यांनी ती पुन्हा उतरवली आणि पोराला म्हणाले, ‘‘अब तू बिठा.’’ पोराचं बोट चिमटलं, तो रडवेला झाला. बाबांनी त्याला जवळबिवळ घेतलं नाही. कशात बोट घालायचं नाही ते दाखवलं आणि पुन्हा बसवायला लावली.

तेव्हापासून तो पैलवान झाला. माझ्या मुलीचं ऐकून तोही ‘आजोबा’ म्हणायला लागला. बाबांनी सांगलीहून आलेल्या भाच्याकरवी स्वतःची पाना-पेटी मागवून घेतली. सोसायटीतल्या पोरांच्या सायकलींचे ब्रेक, पंक्चर, घंटी असं कायकाय त्या बाकाजवळ व्हायला लागलं. पैलवान हाताखालचा गडी होता. ‘‘चौदाचा पाना’’ म्हटलं की चौदाचाच हातात देणारा.

काम नसेल तेव्हा दोघं गेटजवळच्या कट्ट्यावर बसून टँकर मोजायचे. या भागाची तहान बोअरवेलवर आणि विकतच्या पाण्याच्या टँकरवर भागत आली आहे. उन्हाळ्यात तर टँकरची रांग लागते. बाबांना इंजिनाच्या आवाजावरून गाडी भरलेली की रिकामी ते कळतं. पैलवान डोळे मिटून ओळखायचा आणि मग उघडून बघायचा. यात कसली मजा, असं त्याच्या आईने मला एकदा विचारलं होतं. त्याला बुद्धिबळाचा, कोडिंगचा, स्केटिंगचा असे क्लास होते. ते बुडवून तो टँकर मोजायला पळायचा.

सप्टेंबर 2022 मध्ये बंगळुरात पूर आला. सर्जापूर रोड आणि बेळ्ळंदूर भागातल्या वसाहतींतून लोकांना ट्रॅक्टर आणि बोटींतून बाहेर काढावं लागलं, ती दृश्यं देशभर दिसली. इथली तळी एकमेकांना जोडलेली आहेत. कैकोंड्रहळ्ळीचं पाणी सौल केरेत आणि पुढे बेळ्ळंदूरच्या तळ्यात उतरतं. ते वाहून नेणारे राजकालुवे, म्हणजे जुने मोठे नाले, जिथे अरुंद झाले किंवा बुजले तिथे पाणी घरांत शिरतं. त्या पुराच्या रात्री आमच्या तळघरातही ते शिरलं. लोक मोबाइलचे दिवे घेऊन गोंधळात उभे होते. नऊ मजले उतरून बाबा खाली आले. दोन महापूर पाहिलेला माणूस तो. आधी तळघराचा मेन स्विच पाडा, मग गाड्या उताराच्या वरच्या अंगाला घ्या, पिण्याचं पाणी आत्ताच भांड्यांत भरून ठेवा, लिफ्टकडे कोणी फिरकू नका, असं ते सांगत होते. त्यांचं सांगलीचं हिंदी निम्म्यांना कळेना. तेव्हा पैलवान आईचा हात सोडून त्यांच्याशेजारी उभा राहिला आणि एकेक वाक्य इंग्रजीत सांगायला लागला. पहाटेपर्यंत ही जोडी जिना चढत-उतरत म्हाताऱ्या माणसांच्या घरी पिण्याचं पाणी भरलंय का बघत होती. बॅटरी पैलवानच्या हातात. दोन दिवसांनी दोघं ट्रॅक्टरमध्ये बसून दूध आणायला गेले, तेव्हा पैलवानच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही. आणि बाबांच्याही.

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुटीत क्लबहाउसच्या भिंतीवर मुलांसाठी ‘अप’ लावला. बाबा एरवी आले नसते. पैलवानने ओढून आणलं आणि शेजारी बसून हिंदीत सांगत राहिला. सुरुवातीच्या भागाला सांगावं लागलं नाही. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग बांधकामाच्या क्रेनमध्ये अडकलेलं कार्लचं छोटं लाकडी घर आलं, तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, ‘‘आपल्या मागच्या गल्लीत आहे की असं.’’ खरंच आहे. दोन मनोऱ्यांच्या मध्ये कौलारू घर, चार नारळ आणि दारात गाय. तिथल्या आजी ते विकायला तयार नाहीत.

दिग्दर्शक पीट डॉक्टरने ही माणसं घडवताना बारीक विचार केला आहे. कार्ल चौकोनी आहे, त्याचं डोकं, चष्मा, खुर्ची सगळं चौकोनी. रसेल अंड्याच्या आकाराचा, कुठेही गडगडत जाणारा. कार्लला आवाज एड अॅस्नर या मुरलेल्या नटाचा. रसेलचा आवाज मात्र जॉर्डन नागाईचा, जो खरं तर भावाच्या ऑडिशनला सोबत म्हणून आला होता आणि अखंड बडबडत राहिला म्हणून निवडला गेला. पॅराडाइज फॉल्स धबधब्याच्या चित्रांसाठी पिक्सारचे चित्रकार व्हेनेझुएलात जाऊन सपाट माथ्याच्या त्या प्रचंड कड्यांवर चढले होते. जगातला सर्वांत उंच, 979 मीटरचा एंजल धबधबा तिथलाच. 13 मे 2009 रोजी कान महोत्सवाचं उद्घाटन याच चित्रपटाने झालं. त्याआधी कोणत्याही अॅनिमेशनपटाला तो मान मिळाला नव्हता. इतकी मेहनत, इतका मान, आणि चित्रपटाचा गाभा काय, तर रसेलने एका रात्री सांगितलेली साधी आठवण. वडील त्याला आइस्क्रीम खायला न्यायचे आणि दोघं रस्त्याच्या कडेला बसून गाड्या मोजायचे. एकाने निळ्या, दुसऱ्याने लाल. वडील आता येत नाहीत. त्याला मोठी सफर आठवत नाही, ही कंटाळवाणी वाटेल अशी गोष्ट आठवते.

हे ऐकल्यावर पैलवानने भाषांतर केलंच नाही. नुसतं म्हणाला, ‘‘आजोबा, टँकर.’’

रसेल येतो तो म्हाताऱ्यांना मदत केल्याचा बिल्ला मिळवायला. प्रत्यक्षात त्यालाच एक मोठा माणूस हवा असतो, आणि कार्ललाही मदत नको असते, त्याला कोणीतरी गरज म्हणून बोलवायला हवं असतं. सांभाळून घेण्याने कार्ल उठला नाही. पोर संकटात सापडलं तेव्हा उठला. फुग्यांनी उडणारं घर पुन्हा उडावं म्हणून त्याने एलीच्या आठवणींचं सगळं सामान, खुर्च्यासुद्धा, बाहेर ढकलून दिलं. तो प्रसंग चालू असताना बाबा म्हणाले, ‘‘बरोबर केलं. वजन उतरवल्याशिवाय गाडी घाट चढत नाही.’’ पुढच्या खेपेला सांगलीला गेलो तेव्हा त्यांनी आईची शिलाई मशीन तेलपाणी करून शेजारच्या मुलीला दिली. चित्रपटामुळे दिली असं मी म्हणणार नाही. पण आईच्या वस्तूंना त्यांनी तोवर कोणाला हात लावू दिला नव्हता.

आपण म्हाताऱ्या आईवडिलांसाठी खूप करतो. तपासण्या, फिजिओथेरपी, आया, तीर्थयात्रा. मी हे सगळं केलं आणि पुढेही करीन. बाबांना जिवंत ठेवायला ते लागतंच. पण संध्याकाळी पाच वाजले की शर्ट बदलून लिफ्टकडे निघायला त्यांना लावलं ते पैलवानच्या सायकलीने. आणि हे नातं घरातलं नव्हतं हेही मला महत्त्वाचं वाटतं. माझी मुलगी त्यांची लाडकी आहे, पण तिच्यावर ते ओरडत नाहीत, तीही त्यांच्याशी भांडत नाही. पैलवानशी त्यांचं रोज भांडण व्हायचं. कार्ल आणि रसेलचंही होतंच. परक्या पोराने कटकट करावी, आजोबांनी डाफरावं आणि दोघांनी दुसऱ्या दिवशी परत यावं, एवढी मोकळीक रक्ताच्या नात्यात उरत नाही.

आमच्या सोसायटीत ज्येष्ठांचा कोपरा आणि मुलांचं अंगण यांच्यामध्ये मेंदीचं कुंपण होतं. शांतता हवी म्हणून मूळ नकाशातच दिलेलं. मी कमिटीला पत्र लिहिलं, बरीच वादावादी झाली, आणि आता एक बाक सायकल स्टँडजवळ आला आहे. त्यावर बंगाली आजोबा पतंगाची कणी बांधायला शिकवतात आणि तमिळ आजी पल्लांगुळीचा खेळ मांडून बसतात.

तुम्हीही तुमच्या सोसायटीच्या कमिटीत असाल तर या सुटीत भिंतीवर ‘अप’ लावा. निरोप फक्त मुलांना देऊ नका, सगळ्या आजीआजोबांना द्या. आणि खुर्च्या मांडताना मोठ्यांची रांग वेगळी ठेवू नका.