बेळगावच्या छावणीत एक दिवस

खानापुराहून बेळगावास जाणारा रस्ता आम्ही गेली तीस वर्षे तुडवीत आहोत. अंतर उणेपुरे पंचवीस किलोमीटर. परंतु मृग लागल्यापासून गणपती बसेपर्यंत या पंचवीस किलोमीटरांत पाऊस प्रवाशाची पाठ सोडीत नाही. कौलांच्या कारखान्यांची धुराडी मागे पडतात, देसूर जाते, मच्छे जाते, पिरनवाडीपाशी गर्दी वाढते आणि उद्यमबागेतील कारखान्यांचा आवाज ऐकू येऊ लागला की छत्री आवरून घ्यावी. सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकास या वाटेने जाण्याचे निमित्त शोधावे लागत नाही. बैठका, तक्ते, अहवाल यांपैकी काही ना काही बगलेत असतेच.

२०२३ च्या जुलैत मात्र आम्ही निघालो ते शाळेच्या कामासाठी नव्हे. आमच्या गावातील एक निवृत्त हवालदार सोबत होते. सारा गाव त्यांना हवालदारमामा म्हणतो, आम्हीही तेच म्हणतो. राज्यात स्त्रियांना बसचा प्रवास मोफत होऊन जेमतेम महिना झाला होता, त्यामुळे बसमध्ये पाय ठेवण्यास जागा नव्हती. मामांचा डावा पाय अधू. एका बाईने उठून त्यांना जागा देऊ केली. ते बसले नाहीत. डाव्या काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले डिस्चार्ज बुक आणि उजव्या हाताने वरची दांडी धरून ते बेळगावपर्यंत उभे राहिले.

त्या पुस्तकाची कथा सांगितली पाहिजे, कारण तीत आमचाही दोष आहे.

२०२२ साली स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षे झाली. त्या निमित्ताने शाळेच्या व्हरांड्यात गावातील माजी सैनिकांच्या नावांची एक शिळा बसवावी, असे ठरले. आमच्या भागातील गावांतून फौजेत गेलेल्या माणसांची संख्या लहान नसते. आमच्या गावची तेवीस नावे झाली. प्रत्येक नावापुढे मिळालेली पदके लिहायची होती. तीस वर्षे जनरल रजिस्टर सांभाळलेल्या माणसास जी सवय जडते, तीच आम्हांस जडलेली. आम्ही सांगितले, कागद दाखवा, कागदात असेल ते कोरू. मामांनी पुस्तक आणले. त्यात तीन नोंदी होत्या: संग्राम मेडल, पंचविसाव्या स्वातंत्र्य जयंतीचे मेडल आणि नऊ वर्षे दीर्घ सेवेचे मेडल. मामा म्हणाले, "आणि दोन पाहिजेत, गुरुजी. पूर्वी स्टार, आणि जखमेचं." आम्ही पाने उलटली आणि म्हणालो, "पुस्तकात नाहीत."

"पुस्तकात नाही ते झालंच नाही म्हणायचं की ओ?"

यावर आम्ही काय उत्तर दिले ते आज आठवत नाही. बहुधा नियमाविषयीच काही बोललो असू. शिळेवर तीनच पदके कोरली गेली.

पुढे काही महिन्यांनी सातवीच्या वर्गात मारामारी झाली. चौकशीस बसलो तेव्हा कळले की मामांचा नातू एका मुलाच्या अंगावर धावून गेला होता. तो मुलगा म्हणाला होता की तुझा आजा लढाईत नव्हे, बैलगाडीवरून पडून लंगडा झाला. नाहीतर दगडावर लिहिले नसते का? मुलाच्या तर्कात खोट काढण्यासारखे काही नव्हते. शाळेच्या दगडावर जे नाही ते खरे नाही, हे त्याला आम्हीच शिकविले होते.

गोगटे सर्कलपाशी उतरलो तेव्हा पाऊस थांबला होता. तेथून रेल्वे स्थानक एका बाजूस आणि कॅम्प दुसऱ्या बाजूस. बेळगावात पाऊल टाकले की माणूस सहसा शहापूर, खडेबाजार, किल्ला या दिशेने वळतो. कॅम्प हे मात्र निराळेच गाव आहे. रुंद सावलीचे रस्ते, जुन्या बंगल्यांची उतरती कौलारू छपरे, चर्चची दगडी इमारत आणि सगळीकडे पांढरा चुना मारलेले दगड. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे ठाणे १९२२ पासून येथे आहे. रेजिमेंटचा वंश त्याहून पुष्कळ जुना. तिची पहिली पलटण, जिला जंगी पलटण म्हणतात, ती १७६८ साली मुंबईत कंपनी सरकारने उभारली. मराठ्यांचे राज्य पुण्यास नांदत असताना मुंबईच्या इंग्रजांनी उभी केलेली ही पलटण पुढे मराठा नावानेच जगभर ओळखली जावी, हा इतिहासाचा एक खेळच म्हणावयाचा. इटलीत १९४४ च्या जुलैत नाईक यशवंत घाडगे आणि १९४५ च्या एप्रिलात शिपाई नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले, ते याच रेजिमेंटचे.

मामा १९६७ साली येथेच भरती झाले. आतून कवायतीचे हुकूम ऐकू येत होते. मामा क्षणभर थांबले आणि त्यांचा चांगला पाय नकळत जमिनीवर आपटला गेला. आम्ही दुसरीकडे पाहिले.

रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय, म्हणजे जवानांच्या तोंडचे रेकॉर्ड ऑफिस, बेळगावातच आहे. सैनिक कोठेही असो, हिमालयात वा आसामात, त्याचा कागद येथे येऊन पडतो. त्याची रजा, त्याचे लग्न, मुलाचा जन्म, रुग्णालयात दाखल होणे, बढती, शिक्षा, या प्रत्येक गोष्टीची त्याची तुकडी एक पार्ट टू ऑर्डर काढते आणि तिच्यावरून येथे त्याच्या शीट रोलमध्ये ओळ चढते. डिस्चार्ज बुक निवृत्तीच्या वेळी त्याच्या हाती देतात. तो मूळ नोंदींचा उतारा होय. उताऱ्यात राहिले म्हणजे मुळात नाहीच असे नव्हे, ही साधी गोष्ट आमच्या आधी ध्यानात यावयास हवी होती. जनरल रजिस्टर आणि दाखला यांचा संबंध याहून वेगळा काय असतो?

फाटकावर ओळखपत्रे दाखविली, पास मिळाले, बाकावर बसलो. बाकावर आणखी सात-आठ जण होते. एक वृद्ध बाई पतीच्या निवृत्तिवेतनावर आपले नाव चढविण्यासाठी कोकणातून आल्या होत्या. कागदांवर नवऱ्याने लग्नाच्या वेळी लिहिलेले नाव एक आणि आधार कार्डावरचे दुसरे. त्या कुणाशी बोलत नव्हत्या. फक्त दर थोड्या वेळाने पिशवीत हात घालून कागद आहेत ना ते चाचपून पाहत होत्या.

आमच्या वाट्यास आलेले लेखनिक हवालदार साताऱ्याकडचे, तिशीतले. त्यांनी मामांना नंबर विचारला. मामा उभे राहिले आणि सगळे आकडे एका दमात म्हणाले. त्यानंतर जन्मतारीख. "एक जून एकोणीसशे एकोणपन्नास." लेखनिक हसले. "इकडच्या निम्म्या पलटणीची तारीख एक जूनच असते, गुरुजी." आम्हांसही हसू आले, पण ते जरा ओशाळे होते. शाळेत नाव घालतेवेळी बापास तारीख ठाऊक नसे आणि मास्तर शाळा उघडण्याच्या महिन्याचा पहिला दिवस लिहून मोकळा होई. आमच्या शाळेच्या पूर्वीच्या एका मास्तरांनी लेखणीच्या एका फटकाऱ्याने ठरविलेल्या त्या दिवशी मामा जन्मले, भरती झाले आणि निवृत्तही झाले.

मग आडनाव निघाले. शाळेच्या रजिस्टरात एक, फौजेत इंग्रजी स्पेलिंगमधून आलेले दुसरे, आणि ओळखपत्रावर कानडीतून उतरलेले तिसरे. आम्हां सीमाभागातील माणसांचे हे नित्याचे दुखणे आहे. एकच माणूस तीन लिप्यांतून फिरून आला की तिघे भाऊ दिसू लागतात. हे तिघे एकच, असे प्रतिज्ञापत्र करावे लागणार होते.

शीट रोल आला. लेखनिकांनी तो आपल्या बाजूस धरूनच वाचला. मामांचा जीव त्या पानांत अडकला होता. कारण बाकावर कुणीतरी सांगितले होते की जुने कागद जाळून टाकतात. ते अर्धे खरे आहे. ज्यांना निवृत्तिवेतन नाही त्यांची कागदपत्रे पंचवीस वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे. त्यांच्या नावाची एक ओळ तेवढी लाँग रोलमध्ये कायम राहते. मामा सतरा वर्षे नोकरी करून १९८४ साली निवृत्तिवेतनावर आले, म्हणून त्यांची पाने वाचली. अन्यथा ते स्वतः आणि तो पाय एवढेच पुरावे उरले असते.

"डिसेंबर एकाहत्तर," लेखनिक म्हणाले, "बॅटल कॅज्युअल्टी. डावा पाय, गोळी. हे बघा, आहे."

मामा काही बोलले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मग नोंद राहिली का, तेही उलगडले. पदकांच्या याद्या पलटण तयार करते. मामा मात्र जखमी होऊन रुग्णालयात गेले, तेथून बरे होऊन खालच्या वैद्यकीय श्रेणीवर दुसऱ्याच एका तुकडीत गेले. जंगी पलटणीने आपली यादी केली तेव्हा ते तिच्या पटावर नव्हते. नव्या तुकडीने आपल्या यादीत त्यांना संग्राम मेडल दिले, परंतु ते प्रत्यक्ष पूर्वेच्या रणभूमीवर होते हे तिला ठाऊक नव्हते. जखमी सैनिकांचे पदक तर १९७३ साली स्थापन झाले. तोवर त्यांची जखम भरली होती आणि कागद मागे राहिला होता. यात कुणा एकास दोष द्यावा असे आम्हांस तरी दिसले नाही. शाळा बदललेल्या मुलाचे गुणपत्रक असेच दोन शाळांच्या मध्ये हरवते.

अर्ज लिहिण्याचे काम अर्थात आमच्याकडे आले. मराठीचे एम. ए. आम्ही, दोन पाने लिहिली, त्यात मातृभूमी होती, रक्त होते. लेखनिकांनी ती आदराने वाचली आणि म्हणाले, "गुरुजी, निबंध झकास आहे. आता नंबर, हुद्दा, नाव, तारीख, कुठे जखमी आणि काय हवे, एवढंच लिहा." तिसऱ्या खेपेस अर्ज सात ओळींचा झाला. आम्ही मुलांना अर्जलेखन शिकवितो, हे आम्ही तेथे कुणास सांगितले नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन पडले होते. केंद्राच्या आवारात शर्कतच्या लढाईचे स्मारक आहे. १९१८ च्या ऑक्टोबरात ११४ मराठा पलटण टायग्रिस नदीकाठी लढली, तिची आठवण. मामांनी त्या दिशेस तोंड करून रस्त्यावरूनच सॅल्यूट केला. पुढे मिलिटरी महादेवाच्या देवळात गेलो. तेथील झाडाखाली दशम्या सोडल्या. बावन्न वर्षे या माणसाच्या शेजारी राहून जे आम्ही कधी विचारले नव्हते, ते त्या झाडाखाली विचारले.

मेघालयातील तुऱ्याच्या बाजूने आमची फौज उतरली. कमालपूरचे ठाणे ४ डिसेंबरला पडले, मग बक्षीगंज. मग जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडून जंगी पलटणीने जमालपूरची मागची वाट रोखली. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार होते. ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याचे पत्र धाडले आणि पाकिस्तानी अधिकारी लेफ्टनंट कर्नल सुलतान अहमद यांनी उत्तराच्या कागदात गोळी गुंडाळून पाठविली, ही हकिगत पुस्तकांतून आली आहे. मामांनी ती सांगितली नाही. ते म्हणाले, "पत्राचं आम्हाला मागनं कळलं. आम्हाला ठाऊक एवढंच, की ते रात्री बाहेर पडणार, आणि पडतील ते आमच्यावरनंच." १० डिसेंबरच्या रात्री ते बाहेर पडले. अंधार इतका की शेजारचा माणूस श्वासावरून ओळखावा. पाय गेला हे मामांना कळले ते बूट ओला का, म्हणून हात लावला तेव्हा. शेजारी धारवाडकडचा एक गडी होता. त्याने आपला पट्टा काढून मांडी आवळली आणि पुन्हा आपल्या जागी गेला. सकाळी तो जागेवर नव्हता.

"त्याचं पदक त्याच्या आईकडं गेलं असंल," मामा म्हणाले. "गेलं असंल, न्हवं?"

आम्ही होय म्हणालो. आम्हांस ठाऊक नव्हते.

परतताना मामांनी नातवासाठी पाव किलो कुंदा घेतला. बसमध्ये या वेळी जागा मिळाली आणि मच्छे येण्यापूर्वीच त्यांस झोप लागली.

पुढची कथा सगळ्या कागदांसारखी सावकाश चालली. प्रतिज्ञापत्र झाले, जिल्हा सैनिक कल्याण कचेरीचा शिक्का झाला, एकदा सही जुळत नाही म्हणून कागद परत आला. २०२४ च्या मार्चमध्ये पूर्वी स्टारची नोंद डिस्चार्ज बुकात तांबड्या शाईने चढली. जखमेच्या पदकाची नोंद दिवाळीनंतर आली. पाच टोकांचा तो तारा मामांनी आम्हांस दाखविला, छातीवर लावून पाहा म्हटले तर म्हणाले, "सव्वीस जानेवारीला."

राहिली शिळा. गवंडी आला, त्याने ओळीवर पट्टी धरली आणि मान हलविली. मामांच्या नावापुढची जागा दीर्घ सेवा मेडलापाशीच संपली होती. अक्षरे बारीक करून खाली कोरावी लागतील, दिसण्यास बरी दिसणार नाहीत, असे तो म्हणाला. आम्ही म्हणालो, कोर. तो दोन दिवस व्हरांड्यात छिन्नी चालवीत बसला होता आणि सातवीचा वर्ग पलीकडेच असल्यामुळे त्या दोन दिवसांत आमचा व्याकरणाचा तास काही झाला नाही.