आधी प्लग बघा

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या घरी फ्रिज आला तो सत्तरच्या दशकात, आणि तोही जुनाच. पुण्याला निघालेल्या एका डॉक्टरांकडून अण्णांनी घेतलेला. एका दाराचा, गोल खांद्यांचा, जाड हँडलचा, वर कुलूप-किल्ली. गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला फ्रिज काढला १९५८ साली. पण पुढे कितीतरी वर्षं फ्रिज हा डॉक्टर-वकिलांच्याच घरी असायचा. म्हणून आमचा फ्रिज स्वयंपाकघरात गेलाच नाही. रस्त्यावरून दिसेल असा, क्रोशाचा रुमाल पांघरून बैठकीत उभा राहिला.

सोलापुरी स्वयंपाकाला त्याची गरज तशी कमीच. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात सुखाने राहते. पण एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की गल्लीतल्या तेलुगू घरांतली पोरं वाट्या घेऊन दारात यायची. त्यांच्या आया विड्या वळत बसलेल्या असत. ‘काकू, बर्फ!’ आई ट्रे नळाखाली धरायची. सुरी मात्र कुणाला लावू द्यायची नाही. बर्फाच्या कप्प्याच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यातूनच गॅसची वाट गेलेली असते. सुरीचं टोक घुसलं की फ्रिज संपला.

त्याचं पहिलं दुखणं उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी सुरू झालं. मागून ‘टक्’ असा आवाज, थोडी घरघर, पुन्हा ‘टक्’, मग शांतता. अण्णा म्हणाले, ‘कॉम्प्रेसर गेला.’ मिस्त्रींना बोलावलं. ते मिलमध्ये फिटर होते. पुढे मिल बंद पडल्यावर हेच त्यांचं पोट झालं. त्यांनी आधी प्लग हातात घेतला, मग सॉकेटला मीटर लावला.

‘अण्णा, कॉम्प्रेसरला काय झालंय? व्होल्टेज बघा की किती पडलंय.’

आसपास माग खटखटत होते, घरोघरी पंखे चालू. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. व्होल्टेज कमी पडलं की मोटार फिरत नाही, नुसती तापते. मग ओव्हरलोडमधली धातूची पट्टी तापून वाकते आणि वीज तोडते. तोच तो ‘टक्’. पट्टी निवली की पुन्हा प्रयत्न. यंत्र बिघडलं नव्हतं, स्वतःला वाचवत होतं. स्टॅबिलायझर आला आणि दुखणं गेलं.

मिस्त्रींची पद्धत मी तिथपासून बघत आलो. संशय घ्यायचा तो स्वस्त वस्तूपासून. प्लग, वायर, थर्मोस्टॅट, रिले, आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेसर. दाराच्या रबरासाठी त्यांच्याकडे दहा रुपयांची नोट असे. ती दारात धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निघून आली तर रबर ढिलं. जुना गुंडाळीचा रिले ते सुलटा धरत तेव्हा मीटर गप्प. उलटा केला की आतली दांडी वजनाने खाली सरके आणि काटा हले. दोन्ही वेळा हललाच नाही, तर रिले बाद. कॉम्प्रेसरच्या तीन पिनांचं गणितही त्यांनीच दाखवलं. दोन-दोन पिनांत रोध मोजायचा; सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका आला तर आतली गुंडाळी शाबूत. एवढं झाल्याशिवाय ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

ऐंशीच्या दशकात मात्र मामला खरंच गॅसपर्यंत गेला. कप्प्याच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरू लागला, बाकी पत्रा कोरडा. मिस्त्रींनी सांध्यांना साबणाचा फेस लावला. फिल्टरच्या जोडावर बारीक बुडबुडे फुगू लागले. राहिलेला गॅस त्यांनी खिडकीपाशी सोडून दिला, जोड तापवून नवा फिल्टर बसवला, पंपाने हवा ओढून काढली आणि नवा गॅस भरला. गॅस असा हवेत सोडणं ही तेव्हा सगळ्याच कारागिरांची रीत होती.

तो गॅस आर-१२. जळत नाही, विषारी नाही, वास नाही; घरात ठेवायला याहून गुणी गॅस कुठला? पण रोलंड आणि मोलिना या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच दाखवलं होतं की असे गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला, १९९५ मध्ये त्या दोघांना नोबेल मिळालं आणि २०१० पर्यंत आपल्याकडे आर-१२ चं उत्पादन थांबलं. हा गॅस हवेत सुमारे शंभर वर्षं टिकतो. म्हणजे आमच्या खिडकीतून गेलेला बहुतेक अजून वरच आहे.

आर-१२ मिळेनासा झाल्यावर अनेक जुन्या फ्रिजमध्ये सरळ आर-१३४ए भरला गेला. पण तो जुन्या खनिज तेलात मिसळत नाही. तेल कॉम्प्रेसरकडे परतत नाही आणि चांगलं यंत्र कोरडं घासून मरतं. हा गॅस भरायचा तर तेलही बदलावं लागतं, हे न सांगणारा मेकॅनिक महागात पडतो.

आमचा फ्रिज शेवटी कॉम्प्रेसरमुळे गेला नाही. भिंतींमधल्या काचेच्या लोकरीत ओल शिरली, बाहेरच्या पत्र्याला घाम फुटू लागला आणि यंत्र थांबेचना. लोकर भिजली की दुरुस्तीचे पैसे वाया जातात आणि विजेचं बिल चढतच राहतं. तिथे थांबावं. मिस्त्रींच्या मुलाने उरलेला गॅस सिलिंडरमध्ये ओढून घेतला, मगच फ्रिज घराबाहेर काढला.

तुमच्याकडे जुना फ्रिज असेल आणि तो बंद पडला, तर आधी प्लग बघा, मग रबर, मग रिले. पुष्कळदा तिथेच काम भागतं. आणि टाकायचाच झाला तर भंगारवाल्याला दारातच नळी कापू देऊ नका. गॅस काढून घेणारा मेकॅनिक शोधा किंवा फ्रिज अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्या. भंगाराचे पैसे थोडे कमी येतील, तेवढे येऊ द्या.