उजवा पाय खाली

७ डिसेंबर
पुन्हा निसटला. गंगापूर रोडवर आनंदवल्लीच्या अलीकडे एक गचका बसला आणि डावं पाऊल पेडलवरून उतरलं. उतरलंय हे मला कळलं ते पेडल उलटं फिरून नडगीवर आदळल्यावर. पिनांचे चार लाल ठिपके, रांगेत.

स्कूटर घसरली त्याला तीन वर्षं झाली. घोटा आणि त्याच्या खालचा सांधा, दोन्ही स्क्रू घालून कायमचे जोडलेत. पाऊल नडगीशी काटकोनात. वर नाही, खाली नाही, आत-बाहेर नाही. सपाट रस्त्यावर चालताना कुणाच्या लक्षात येत नाही, जिना उतरताना येतं. चवड्याला संवेदनाही बेताचीच, त्यामुळे पाऊल पेडलवर कुठे आहे हे मान खाली घालून बघावं लागतं. पाय बांधूनच टाकावा असं मनात आलं. गंमत म्हणजे बाजारात नेमकी तशीच वस्तू मिळते.

१० डिसेंबर
दुकानात गेले. पाय बांधणाऱ्या पेडलला 'क्लिपलेस' म्हणतात, आणि पाय तर त्यात चांगला खटकन अडकतो. मेकॅनिकदादांनी खुलासा केला: पूर्वी पेडलवर चवड्यासाठी पिंजरा आणि चामडी पट्टा असे, ती 'क्लिप'. ती गेली म्हणून हे बिनक्लिपचं. बर्फावर घसरायच्या स्कीला बूट अडकवायची बांधणी बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये ही पेडल आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो तीच लावून टूर द फ्रान्स जिंकला. स्कीमध्ये माणूस पडला की पाय सुटावा, हाड वाचावं, हा हेतू. ऐकून बरं वाटलं. माझ्या हाडाला उशीर झाला, एवढंच.

बुटाखाली बसून पेडलमध्ये अडकते ती क्लीट. प्लास्टिकची मोठी, तीन बोल्टांची नको म्हटलं. ती घालून फरशीवर बदकासारखं चालावं लागतं, आणि माझी चाल आधीच बदकाच्या वळणाची. दोन बोल्टांची धातूची छोटी क्लीट घेतली, बुटाच्या तळव्यात लपणारी. 'एम' कोरलेली, ती जास्त दिशांनी सुटते.

१४ डिसेंबर
पेडल बसवली. डाव्याचे आटे उलटे असतात हे माहीत असूनही पान्हा आधी चुकीच्याच बाजूला ओढला. सीट जराशी खाली घेतली, कारण पेडल तळाला गेल्यावर इतरांसारखा चवडा ताणून पोचता येत नाही. क्लीट जाईल तेवढी टाचेकडे सरकवली. स्प्रिंगचा स्क्रू तीन मिलिमीटरच्या ॲलन कीने पार ढिला केला.

पार्किंगच्या खांबाला धरून अडकवायचा सराव. बोटं खाली झुकवून क्लीटचं टोक आधी घुसवायचं असतं, आणि माझी बोटं झुकत नाहीत. अर्धा तास ठोकाठोक. मग कळलं की पेडल मागच्या बाजूला असेल तर गुडघा पुढे येतो, नडगी कलते आणि तिच्याबरोबर पाऊलही. खट्ट. तिथून पेडल उलटं फिरवून पुढे आणायचं आणि निघायचं. वॉचमनमामा खुर्ची ओढून बघत बसले होते.

१७ डिसेंबर
अडकवणं जमलं, सोडवणं नाही. सगळे सांगतात, टाच बाहेर फिरवा. कशाने फिरवू? फिजिओ मॅडमना विचारलं. म्हणाल्या, "घोटा विसरा. खुब्यातून फिरवा." पेडल तळाला आणायचं, पाय जवळजवळ सरळ, आणि अख्खी मांडी आत वळवायची. गुडघा दांडीकडे जातो, टाच आपोआप बाहेर.

घरी सरावाला फडकं. गुळगुळीत फरशीवर फडक्यावर डावा पाय ठेवून खुब्यातून वळवायचा, वीस वेळा. सासूबाई म्हणाल्या, "एकाच जागी किती पुसशील गं?"

२२ डिसेंबर
पडले.

सोमेश्वरच्या रस्त्याला, मिसळीच्या हॉटेलसमोर, रविवारची गर्दी. पुढची गाडी थांबली, मीही थांबले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने डावीकडे कलले. आपल्याकडे रहदारी डावीकडून. थांबलं की डावा पाय फुटपाथवर, हे अंगात मुरलेलं. मांडी वळवायला जो क्षण लागतो तो नव्हताच. अख्खी सायकल घेऊन, सावकाश, झाड पडावं तशी पडले. पडल्यावर मात्र पाय सुटला.

एक काका धावत आले. "ताई, ब्रेक लागला नाही का?"
"ब्रेक लागला हो, पाय नाही सुटला."
त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग सायकलीलाच विचारल्यासारखं म्हणाले, "मग बांधता कशाला?"

कोपर सोललं. घोट्याला काही नाही. त्यात मोडण्यासारखं फारसं उरलेलं नाही.

२९ डिसेंबर
आठवडाभर सायकलकडे बघितलं नाही. दुखण्यापेक्षा त्या काकांचा प्रश्न सलत होता. आज उत्तर सुचलं. बांधायचा आहे तो डावाच. मग तो बांधलेलाच राहू दे, गाडी थांबली तरी. उजवा धडधाकट आहे, त्याला बांधायची गरजच काय?

दुकानात उजवीकडचं जुनं सपाट पेडल परत लावून घेतलं. दादा वैतागले. "उलटं झालं ताई. दुखरा पाय मोकळा ठेवतात." मी म्हटलं, दुखरा पाय मोकळा ठेवूनच नडगी फोडून घेतली.

५ जानेवारी
आता कलायचं उजवीकडे. लिहायला सोपं. दहापैकी चार वेळा शरीर डावीकडेच निघतं आणि खांब धरावा लागतो. एक युक्ती सापडली: अगदी थांबता थांबता हँडल किंचित डावीकडे वळवलं की सायकल स्वतःच उजवीकडे झुकते. पाय टेकायला रस्त्याचा उतारही मदतीला येतो. मधला भाग उंच, त्यामुळे उजव्या पायाला जमीन लवकर लागते. भीती मागून येणाऱ्या रिक्षांची. पाय फार बाहेर टाकायचा नाही, चाकाला चिकटूनच.

१८ जानेवारी
गंगापूर धरणापर्यंत जाऊन आले. हवेत असा गारठा की ब्रेकवरची बोटं आखडली. मोजून अकरा वेळा थांबले, अकराही वेळा उजवा खाली. डावं पाऊल एकदाही निसटलं नाही, परतीच्या खड्ड्यांतही नाही, आणि मान खाली घालून ते शोधावंही लागलं नाही. घरी पोचल्यावर दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन उभं राहून, उजवा जमिनीवर घट्ट रोवून, मांडी वळवली. खट्ट.

उजव्या पोटरीवर चेनच्या चकतीचे काळे दात उमटलेत, ओळीने नऊ. साबणाने जाईनात. सासूबाईंनी न विचारता खोबरेलाची बाटली पुढे केली आणि फडकं मात्र दिलं नाही. म्हणाल्या, "ते तुझं व्यायामाचं आहे."