राबाचा धूर

उन्हाळ्यात मोखाड्याच्या उतारांवर जागोजागी धूर दिसतो. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, जंगल पेटलंय. आमच्यासाठी तो राबाचा धूर, पेरणीआधी रोपांचा वाफा भाजण्याचा, आणि आमच्या घरात राब पेटवायचा मान आजीचा.

काडी लावली की झालं, असं ते काम नाही. ऐनाची कवळ आधीच तोडून वाळवायची, तीही झाड राखून, फक्त डहाळ्या. वाफ्यावर शेण, मग कवळ, मग पातेरा आणि वर मातीचा पातळ थर. आजी चिमूटभर धूळ हवेत सोडून वारा बघायची आणि जाळ वाऱ्याच्या उलट सरकेल अशा बाजूने विस्तव लावायची. जाळ भडकता कामा नये, भुई सावकाश भाजली पाहिजे. तणाचं बी जळतं, राखेचं खत होतं, माती मोकळी होते. पावसात त्याच वाफ्यात भाताची आणि नागलीची रोपं तरारून उठतात. रोपं उपटून मुठी बांधताना मुळं तुटत नाहीत.

या धुरावर जंगल खाल्ल्याचा आळ जुना आहे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी १८८५ साली जंगल कमिशन बसलं, त्यातही राबाचा प्रश्न होताच. पुढे त्यावर भुकेचा शिक्काही बसला: १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालकं दगावली आणि ‘जव्हार-मोखाडा’ या जोडनावाला कुपोषण कायमचं चिकटलं.

शिकायला शहरात गेले तेव्हा वसतिगृहातल्या एका मुलीने अगदी मायेने विचारलं, “तुमच्याकडे खायला मिळतं का गं?” मी ताडकन म्हणाले, “आमच्याकडे भरपूर पिकतं.” मग आंबील, उडदाचं वरण, पहिल्या पावसातली शेवळं, करटोली सगळं सांगितलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. पण शिमग्यानंतर कणगीचा तळ दिसायचा, हे मी गिळलं. दिवाळी झाली की बा वीटभट्टीवर जगायला जायचा, हेही गिळलं. शेताची अब्रू राखायची तर भूक झाकावी लागते, असं मला तेव्हा वाटायचं.

आता तसं वाटत नाही. भूक झाकली की तिची कारणंही झाकली जातात, आणि दोष शेवटी शेतावर आणि आईबापावर येतो. आमच्या नागलीच्या १०० ग्रॅम दाण्यात दुधाच्या जवळपास तिप्पट कॅल्शियम असतं. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून पाळलं, पण आमच्या चुलीला या धान्यांची ओळख पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शहर एकादशीला जी भगर खातं, ती आमच्या उतारावरची वरई. उणं पिकात नाही. उणं आहे ते तुकड्याएवढ्या जमिनीत आणि कसणाऱ्याच्या नावाचा कागद मिळायला झालेल्या उशिरात; वनहक्क कायदा झाला तोच २००६ साली. उणं पाण्यात आहे. आमच्याकडे धो-धो पाऊस पडतो, मोखाड्यातल्या कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण भरतं, त्याचं पाणी मुंबईला जातं. आणि एप्रिल-मेमध्ये पाड्यावरच्या बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. एका पावसाचं पीक वर्षभर पुरत नाही, म्हणून माणसं भट्टीवर जातात. आळशी माणसं असा उतार कसू शकत नाहीत.

म्हणून आता कुणी विचारलं, तर मी दोन्ही सांगते. भाकरीची चव सांगते आणि कणगीचा तळही सांगते.

आमच्या चुलीवर आढ्याला नागलीच्या निवडक कणसांची जुडी टांगलेली असायची. धुराने काळी झालेली. त्यामुळे तिला कीड लागत नसे. ते बियाणं. एका ज्येष्ठात घरात मूठभर पीठ उरलं नव्हतं. धाकटा भाऊ त्या जुडीकडे बोट दाखवून रडला. आजीने त्याला मांडीवर घेतलं, शेजारून मागून आणलेली पेज पाजली. जुडीला हात लावला नाही. पाऊस लागल्यावर तिनेच ती सोडली, कपाळाला लावली, धान्याची देवी कणसरी, तिचं नाव घेतलं आणि भाजलेल्या वाफ्यात बी फेकलं.

आमची रिकामी कणगी पुष्कळांनी पाहिली आहे, आणि ती खरंच रिकामी होती. त्यांनी एकदा मान वर करून आढ्याकडेही पाहावं, एवढंच माझं मागणं आहे.